खाच कोणाच्या मालकीची?

चालती वस्तू मोडीत काढणे ही आपल्या काळातील एक नित्याची गोष्ट झाली आहे. वस्तू झिजलेली नसते, तिचे काम थांबलेले नसते. तिच्याशेजारी आणून ठेवलेल्या नव्या वस्तूला तिच्याशी जुळणारी खाच ठेवलेली नसते, एवढेच. जुन्या मॉनिटरला नवा संगणक कसा जोडावा, हा प्रश्न आज घराघरांत, शाळांत, वाचनालयांत आणि आपल्या संस्था-संघटनांच्या कचेऱ्यांत उभा आहे. वरकरणी तो तारांचा आणि पिनांचा प्रश्न दिसतो. तो एखाद्या तंत्रज्ञावर सोपवावा आणि आपण महागाई, बेकारी, खाजगीकरण अशा मोठ्या प्रश्नांकडे वळावे, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळात मालकीचा आहे. दोन यंत्रांमधली खाच कशी असावी हे कोणी ठरवायचे, ती बदलण्याचा अधिकार कोणाचा आणि बदलाचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न समाजवाद्यांनी विचारायचे नाहीत तर कोणी विचारायचे?

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्याच्या पेठेतील एका सार्वजनिक अभ्यासिकेला मध्यंतरी देणगीतून सहा नवे संगणक मिळाले. अभ्यासिकेत सहा जुने मॉनिटर होते. सपाट पडद्याचे, सतरा इंची, सगळे चालू. पण त्यांच्या पाठीशी होते ते फक्त निळ्या रंगाचे, पंधरा पिनांचे व्हीजीए. नव्या संगणकांना एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट याखेरीज चित्र बाहेर काढणारे काही नव्हते. संगणक पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने कळवले की, मॉनिटर कालबाह्य झाले आहेत, ते मोडीत द्यावेत आणि सुमारे चाळीस हजार रुपयांत सहा नवे घ्यावेत. कार्यकारिणीपुढे तसा ठरावही आला. तेवढ्यात एक तरुण सभासद बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाऊन आला आणि त्याने अडीच हजारांच्या आत सहा कन्व्हर्टर आणले. अर्ध्या तासात सहाही पडदे उजळले. ठराव मागे घेण्यात आला आणि वाचलेल्या पैशांत स्पर्धापरीक्षांची पुस्तके घेण्याचे ठरले.

या अभ्यासिकेत असा सभासद होता म्हणून पैसे वाचले. जिथे तो नसतो तिथे काय होते? तिथे चाळीस हजार जातात आणि सहा चालते पडदे भंगाराच्या हातगाडीवर चढतात. ‘कालबाह्य’ या एका शब्दात एवढे सामर्थ्य असेल, तर त्या शब्दाची चिकित्सा केलीच पाहिजे.

व्हीजीए ही जोडणी १९८७ साली आयबीएमने आपल्या पीएस/२ या संगणकांबरोबर आणली. त्या काळचे मॉनिटर काचेच्या नळीचे होते. लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचे कमीजास्त होणारे विद्युत्दाब आणि ओळ व पान कोठे संपते हे सांगणाऱ्या दोन खुणा, एवढे नळीला पुरत असे. व्हीजीएच्या तारा नेमके तेवढेच वाहून नेतात. पुढे सपाट पडदे आले. संगणकाच्या पोटातले चित्र अंकांचे आणि पडद्याच्या पोटातलेही अंकांचे. मध्ये मात्र ते विद्युत्दाबात उतरवायचे आणि पुन्हा अंकांत चढवायचे, असा द्राविडी प्राणायाम चालू राहिला. तो टाळण्यासाठी १९९९ साली डीव्हीआय आले. या बदलामागे खरे तांत्रिक कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्हीजीए अमर राहायला हवे होते, असे कोणी म्हणत नाही.

पण त्यापुढचा इतिहास पाहावा. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन व तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय आणले. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ची. चित्र वाहून नेण्याची त्याची मूळ विद्युत्पद्धती डीव्हीआयचीच होती. म्हणूनच आजही एचडीएमआयचे चित्र डीव्हीआयच्या पडद्यावर नेण्यासाठी कोणताही कन्व्हर्टर लागत नाही; एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी पिन असलेली साधी वायर पुरते. एचडीएमआयने त्याच तारेतून ध्वनीही नेला आणि पिन आटोपशीर केली, ही सोय खरी. पण त्या सोयीबरोबर दोन गोष्टी आल्या, ज्यांची ग्राहकाने मागणी केलेली नव्हती. एक म्हणजे स्वामित्वशुल्क आणि दुसरी म्हणजे कुलूप.

स्वामित्वशुल्काची गोष्ट अशी. ही खाच आपल्या यंत्राला बसवायची असेल तर उत्पादकाने परवाना घ्यावयाचा, त्यासाठी वर्षाकाठी दहा हजार डॉलर भरावयाचे आणि शिवाय प्रत्येक नगामागे पंधरा सेंट द्यावयाचे, असे दीर्घकाळ चालत आलेले दरपत्रक आहे. बोधचिन्ह छापले तर पंधराचे पाच सेंट होतात. आणि त्याबरोबर एचडीसीपी नावाचे कुलूप बसवले तर पाचाचे चार. म्हणजे जो उत्पादक आपल्या ग्राहकाच्या यंत्राला कुलूप लावील त्याला सवलत! एका सेंटची ही सूट क्षुल्लक वाटेल, पण कोट्यवधी नगांच्या हिशेबात ती क्षुल्लक राहत नाही, आणि ती कोणत्या दिशेला ढकलते हे तर अगदीच स्पष्ट आहे.

हे कुलूप इंटेलने तयार केले. चित्रपट व दूरदर्शनच्या मालकीहक्काचे रक्षण हा त्याचा हेतू. संगणक पडद्याला विचारतो, ‘तुझ्याकडे आमची किल्ली आहे काय?’ जुन्या व्हीजीए पडद्याकडे ती असणे शक्यच नाही. त्यामुळे अभ्यासिकेतील मुलगा कन्व्हर्टर लावून लिहू शकतो, वाचू शकतो, गणिते सोडवू शकतो. पण पैसे भरून घेतलेला चित्रपट पाहू लागला की, काही वेळा पडदा काळा पडतो. तार ठीक आहे, पडदा ठीक आहे, वर्गणीही भरलेली आहे. अडथळा आहे तो हेतुपुरस्सर घातलेला. अशा अडथळ्याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणावयाचे असेल तर टोलनाक्यालाही रस्त्याची सुधारणा म्हणावे लागेल.

खाजगी मालकीच्या प्रमाणाचे आणखी एक उदाहरण अलीकडचे आहे. एएमडी ही संगणकाच्या चिप बनवणारी कंपनी. एचडीएमआयच्या २.१ या आवृत्तीचा वापर खुल्या, सर्वांना वाचता येणाऱ्या प्रणालीतून करता यावा यासाठी तिने आज्ञावली तयार केली. २०२४ साली एचडीएमआय फोरमने त्याला परवानगी नाकारली. एएमडी काही गरीब कारागीर नव्हे. पण तिलासुद्धा आपल्याच चिपमधून चित्र बाहेर काढण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले. मग तपकीर गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्याची काय कथा?

याउलट वेसा या प्रमाणे ठरविणाऱ्या संस्थेने २००६ साली डिस्प्लेपोर्ट आणले आणि ती संस्था त्यासाठी नगामागे स्वामित्वशुल्क घेत नाही. म्हणजे दुसरा मार्ग उपलब्ध होता व आहे. तरीही बाजारात जे घडले ते कोणत्या पद्धतीने, हे पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो आणि सॅमसंग व एलजी यांच्या पडदे बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्रितपणे जाहीर केले की, २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यावयाचा. जगातील शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या यांच्याकडे असलेल्या पडद्यांचे काय करायचे, याचा विचार सहा कंपन्यांनी आपसात केला आणि निकाल आपल्याला कळवला. ज्याला आपण मुक्त बाजार म्हणतो त्यात निर्णय असे होतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. यंत्राचा घसारा दोन प्रकारचा, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्याच खंडात सांगितले आहे. एक घसारा वापराचा व गंजाचा. दुसरा, ज्याला त्याने नैतिक घसारा म्हटले, तो तसेच यंत्र स्वस्तात निघाल्याने किंवा अधिक चांगले यंत्र बाजारात आल्याने होणारा. मार्क्सच्या काळी हा दुसरा घसारा कारखानदाराची डोकेदुखी होता; तो वसूल करण्यासाठी कारखानदार कामगाराचे तास वाढवी. विसाव्या शतकात भांडवलाने त्याचा वापर उलट्या बाजूने करावयास आरंभ केला. आता घसारा सोसावयाचा तो ग्राहकाने आणि घडवून आणावयाचा तो उत्पादकाने. १९२४च्या अखेरीस जिनीव्हात ओस्राम, फिलिप्स आदी बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले. त्यापूर्वीचे दिवे याहून अधिक टिकत होते. ज्या कारखान्याचा दिवा ठरल्यापेक्षा जास्त जळे त्याला दंड होई. अधिक टिकाऊ वस्तू बनवण्याबद्दल दंड, हा भांडवलशाहीच्या इतिहासातील एक प्रामाणिक क्षण म्हटला पाहिजे; कारण त्यानंतर हे काम दंडाची नोंद न ठेवता होऊ लागले. १९३२ साली महामंदीच्या काळात बर्नार्ड लंडन नावाच्या अमेरिकन दलालाने तर असा उपाय सुचवला की, प्रत्येक वस्तूचे आयुष्य सरकारनेच ठरवून द्यावे आणि मुदत संपल्यावरही ती वापरणाऱ्यावर कर बसवावा. तो कायदा कोठे झाला नाही. परंतु आपल्या देशातील कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मेजावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरलेले आहे. हिशेबाच्या वहीत तीन वर्षांनी त्याची किंमत जवळजवळ शून्य होते आणि मोठ्या कचेरीत तो बदलावयाला तेवढे निमित्त पुरते. वहीतला मृत्यू हाच खरा मृत्यू, अशी ही व्यवस्था आहे.

यावर कोणी म्हणेल की, प्रमाणे बदलणारच. बदलाला विरोध करणे म्हणजे यंत्राला विरोध करणे. आपला विरोध बदलाला नाही. बदल कोणाच्या सोयीने व्हावा, हा वाद आहे. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. जुन्या पिढीला मिरजेचे स्टेशन आठवत असेल. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, अशा तीन रुंदींच्या वाटा त्या एका गावात भेटत. एका डब्यातले पोते दुसऱ्या डब्यात जायचे ते हमालाच्या पाठीवरूनच. रुळांची रुंदी निरनिराळी ठेवण्याचे निर्णय वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि तत्कालीन सरकारचे. ओझे मात्र हमालाचे आणि भुर्दंड शेतकऱ्याच्या मालावर. पुढे ही रुंदी एक करण्याचे काम सार्वजनिक मालकीच्या रेल्वेने सार्वजनिक पैशातून हाती घेतले आणि दीर्घकाळ चालवून पार पाडत आणले. आजचा कन्व्हर्टर हा त्या हमालाचाच लहानसा अवतार आहे. फरक इतकाच की, त्याची मजुरी आपल्या खिशातून जाते आणि त्याला आपण ‘अॅक्सेसरी’ म्हणतो.

दुसरे उदाहरण वजनमापांचे. पायली, शेर, मण यांचे माप एका मुलखातून दुसऱ्या मुलखात बदलत असे आणि त्या बदलाचा फायदा कोणाला मिळे हे सांगावयास नको. १९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला; १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली; टप्प्याटप्प्याने मीटर व किलोग्रॅम बाजारात रुजले. लोकांना त्रास झाला, पण बदल सर्वांसाठी एकदाच झाला, मुदत देऊन झाला आणि किलोग्रॅम वापरल्याबद्दल कोणत्याही कंपनीला नगामागे सेंट द्यावे लागले नाहीत. घरातील विजेची पिन पाहा. तीन गोल पायांची ही पिन भारतीय मानकाने ठरवलेली आहे. तीस वर्षांपूर्वीचा मिक्सर आजही नव्या घराच्या भिंतीत बसतो. त्यामुळे मिक्सरमध्ये सुधारणा होणे थांबले काय? सार्वजनिक प्रमाण आणि तांत्रिक प्रगती यांत विरोध आहे, हा कंपन्यांनी पसरवलेला समज आपल्याच स्वयंपाकघरात खोटा ठरतो.

आता नव्या आश्वासनाकडे वळू. यूएसबी-सी नावाची एकच खाच येत आहे व तिने सगळा गोंधळ संपेल, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे आणि फसगतही आहे. तथ्य असे की, युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅब्लेट आदी वस्तूंना ही खाच सक्तीची केली आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. यातून वर्षाला सुमारे एक हजार टन कचरा टळेल असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे. वर्षानुवर्षे स्वतःची वेगळी खाच चालवणाऱ्या अॅपलला २०२३ साली आपल्या फोनवर ती बसवावी लागली. कायद्याने सांगितले की, जगातील बलाढ्य कंपनीही ऐकते, हा यातला आपल्या कामाचा धडा. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये या खाचेचे मानक प्रसिद्ध केले.

फसगत अशी की, युरोपचा हा कायदा मुख्यतः चार्जिंगपुरता आहे. छिद्राचा आकार एक झाला म्हणून त्यातून सगळीकडे चित्र बाहेर येईलच असे नाही. काही यंत्रांच्या यूएसबी-सीमधून चित्र निघते, काहींच्या खाचेतून फक्त वीज आणि माहिती जाते; आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. ग्राहक कन्व्हर्टर आणतो, पडदा काळाच राहतो आणि दोष जुन्या मॉनिटरवर जातो. एकाच आकाराच्या दारामागे कुठे खोली आणि कुठे भिंत, असा हा प्रकार आहे. दारावर पाटी लावणे उत्पादकाला अवघड नाही; त्याला ते सक्तीचे नाही, एवढेच.

आक्षेप घेणाऱ्यांचा दुसरा मुद्दा विजेचा. जुना मॉनिटर वीज खातो, म्हणून तो फेकणेच पर्यावरणाच्या हिताचे, असे ते म्हणतात. हिशेब करून पाहू. काचेच्या नळीचा मॉनिटर साधारण ऐंशी वॅट घेतो, जुना सपाट पडदा पस्तीसच्या आसपास आणि नवा एलईडी पंधरा ते वीस. दिवसाचे आठ तास व वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नळीचा मॉनिटर नव्यापेक्षा वर्षाला सुमारे दीडशे युनिट अधिक खातो. दहा रुपये युनिट धरल्यास पंधराशे रुपये झाले. चार-साडेचार वर्षांत नव्या पडद्याची किंमत भरून निघते. तेव्हा रोज आठ तास चालणारा नळीचा मॉनिटर बदलावा, हे मान्य. जुन्या सपाट पडद्याचा जादा खर्च मात्र पन्नास युनिटांच्या आतच राहतो, म्हणजे वर्षाला पाचशे रुपयांहून कमी. तो भरून निघावयास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढ्या काळात कंपन्या आणखी दोनदा खाच बदलतील. पर्यावरणाचे नाव घेऊन चालता सपाट पडदा फेकावयास सांगणे हा हिशेबाचा विपर्यास आहे. आणि फेकलेला पडदा नाहीसा होत नाही. नळीच्या काचेत शिसे असते. जुन्या सपाट पडद्यांच्या मागील दिव्यांत पारा असतो. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांचा २०२४चा अहवाल सांगतो. उरलेल्यातला बराचसा कोठल्या तरी वस्तीत उघड्या हातांनी फोडला जातो. पुण्यात हे काम करणाऱ्या हातांना ओळख मिळावी यासाठी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. त्यामुळे कचरा शेवटी कोणाच्या पाठीवर जातो, हे पुणेकर कार्यकर्त्याला तरी समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. लोक नवे घेणार नाहीत तर कारखाने कसे चालतील? बर्नार्ड लंडनचाच हा प्रश्न आहे. उत्तर असे की, मॉनिटरच्या किमतीचा मोठा भाग ज्या काचपट्टीचा, ती बहुतांशी परदेशातून येते. नव्या मॉनिटरवर खर्चलेल्या रुपयातील बराचसा देशाबाहेर जातो. दुरुस्तीवर खर्चलेला रुपया मात्र मुख्यत्वे गल्लीतल्या कारागिराच्या हाती पडतो. मॉनिटर न लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील फुगलेला कपॅसिटर; तो काही रुपयांना मिळतो आणि डाग देता येणारा मुलगा तो तासाभरात बदलतो. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो याच अर्थाने: यंत्र माणसाच्या आवाक्यात राहावे, त्याला उघडता यावे, त्याच्या गावात दुरुस्त व्हावे. परंतु आपली करव्यवस्था काय म्हणते? नव्या मॉनिटरवर अठरा टक्के कर आणि त्याच्या दुरुस्तीवरही अठरा टक्के. फेकणारा आणि राखणारा यांना सरकारने एकाच तागडीत बसवले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही उघडले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि उत्पादकांवर जबाबदारी टाकण्यात आली. पण ही जबाबदारी वस्तू मेल्यानंतरची आहे. वस्तू मरू नये यासाठी उत्पादकावर कोणते बंधन आहे? अंत्यविधीची व्यवस्था चोख आणि दवाखाना मात्र नाही, असे हे धोरण आहे. तिकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नित्याचा आधार काढून घेतला आणि विंडोज ११साठी अशा अटी घातल्या की, असंख्य चालते संगणक एका तारखेने अपात्र ठरले. मॉनिटरच्या खाचेचा प्रश्न हा त्या मोठ्या प्रश्नाचा एक कोपरा आहे.

तेव्हा आपण मागावयाचे काय? पहिली मागणी अशी की, सरकारी पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाला व मॉनिटरला स्वामित्वशुल्कमुक्त, खुल्या प्रमाणाची किमान एक चित्रजोडणी असलीच पाहिजे. सरकार हे देशातील मोठे गिऱ्हाईक आहे. त्याने निविदेत एक ओळ घातली तर उत्पादक निमूटपणे ती पाळतील. दुसरी मागणी, यूएसबी-सीच्या प्रत्येक खाचेवर ती चित्र देते की नाही याची खूण सक्तीची करावी. तिसरी, जुनी जोडणी बंद करावयाची असेल तर उत्पादकाने ठरावीक वर्षे योग्य तो कन्व्हर्टर यंत्राबरोबरच द्यावा. बदलाचा निर्णय ज्याचा, खर्चही त्याचाच. चौथी, दुरुस्तीवरील कर नव्या वस्तूवरील करापेक्षा निश्चितपणे कमी असावा. पाचवी मागणी पुणे महापालिका व जिल्हा परिषद यांच्याकडे आहे: शाळांतील कोणताही मॉनिटर तपासणीशिवाय व लेखी कारणाशिवाय मोडीत काढू नये, आणि हिंजवडीच्या कंपन्या तीन वर्षांनी जे संच काढून टाकतात ते शाळांकडे वळवण्यासाठी दुरुस्ती कारागीर व कचरावेचकांच्या संस्था यांच्या सहभागाने सहकारी केंद्र उभे करावे. यातली एकही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. आपापल्या शाखेत, वाचनालयात, कामगार संघटनेच्या कचेरीत कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या मॉनिटरच्या पाठीमागे प्रथम पाहावे. पांढरी, लांबट डीव्हीआय खाच असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय ही साधी वायर पुरते आणि चित्रही स्वच्छ येते. फक्त निळे व्हीजीए असेल तर चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. अंकांचे रूपांतर विद्युत्दाबात करणे हे नुसत्या वायरीचे काम नव्हे. हा कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो, म्हणून दुकानात ‘संगणकाकडून एचडीएमआय, मॉनिटरकडे व्हीजीए’ असे स्पष्ट सांगावे. व्हीजीएतून आवाज जात नाही. आवाज हवा असेल तर हेडफोनचे छिद्र असलेला कन्व्हर्टर मागावा. संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल तर डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए असा कन्व्हर्टरही मिळतो. यूएसबी-सीचा घेण्यापूर्वी त्या खाचेतून चित्र निघते याची खात्री संगणकाच्या माहितीपत्रकातून करावी. पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ अशी अक्षरे आली तर मॉनिटर बिघडलेला नसतो. संगणक त्याला झेपणार नाही असे चित्र पाठवत असतो. तो मॉनिटर काही काळ दुसऱ्या पडद्याच्या जागी लावून संगणकाच्या सेटिंगमध्ये १२८० बाय १०२४ अथवा त्या पडद्याचे जे माप असेल ते ठरवले की, काम भागते.

हे ज्ञान काही गुप्त नाही. पण ते सर्वांकडे नसते, आणि ज्याच्याकडे ते नसते त्याच्या अज्ञानावर एक मोठा व्यापार उभा आहे. सामान्य माणसाला त्याच्या स्वतःच्या वस्तूपुढे असहाय करणे, ही नफ्याची एक जुनी रीत आहे. जमिनीचा, पाण्याचा, गिरणीचा प्रश्न मालकीचा आहे हे आपल्या चळवळीने पूर्वीच ओळखले. दोन यंत्रांच्या मधल्या बोटभर खाचेतही तोच प्रश्न दडलेला आहे. ती खाच पाणवठ्यासारखी सार्वजनिक असली पाहिजे. ती तशी होईपर्यंत चालत्या वस्तूला मेलेली म्हणण्याचा अधिकार आपण कोणत्याही कंपनीला देऊ नये, आणि आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीपुढे मोडीचा ठराव आलाच तर आधी पडदा लावून पाहण्याचा आग्रह धरावा.